शुभेच्छुक आणि रेडिएटर

लालबागहून गिरगाव चौपाटीला टॅक्सीने जायला अर्धा तास पुरतो. अनंत चतुर्दशीला निघालेल्या मोठ्या गणपतीला तेवढ्याच वाटेसाठी वीस-बावीस तास लागतात. अंतर सात-आठ किलोमीटर. भागाकार केला तर ताशी तीनशे-चारशे मीटर वेग येतो. या वेगासाठी साध्या ट्रकला गिअरच नसतो. पहिला गिअरसुद्धा इथे फार पळतो. म्हणून ड्रायव्हर क्लच अर्धा दाबून बसतो, कपाळावरचा घाम पुसतो आणि समोरच्या काट्याकडे बघत राहतो. तो काटा वेगाचा नसतो. वेगाचा काटा सकाळपासून झोपलेलाच असतो. तो असतो तापमानाचा.

मिरवणुकीत बहुतेकांचं लक्ष मूर्तीकडे असतं आणि ते योग्यच आहे. उरलेल्यांचं बेंजोकडे असतं. बॉनेटकडे बघणारे आम्ही तिघेच : ड्रायव्हर, क्लीनर आणि मी. माझे वडील परळच्या एका गिरणीत बॉयलरवर होते. आमच्या घरी ताप मोजायला थर्मामीटर नव्हता, पण वाफेचा दाब किती चढू द्यायचा हे आम्हा भावंडांना तोंडपाठ होतं. त्यामुळे मंडळाची ट्रॉली ओढणारा ट्रक गुरगुरायला लागला की माझं मन आरतीत राहत नाही.

हा ट्रक मंडळातल्याच एका ट्रान्सपोर्टवाल्याचा. वर्षभर तो दारूखान्यातून लोखंड वाहतो आणि त्याची कधी तक्रार नसते. भाद्रपदात मात्र त्याच्यामागे लोखंडी गर्डरची ट्रॉली येते. ट्रॉलीवर मूर्ती, मूर्तीमागे महाल, महालाला रोषणाई आणि या सगळ्याभोवती वीसेक कार्यकर्ते. त्यांतल्या निम्म्यांचं काम ‘चल चल’ म्हणण्याचं आणि निम्म्यांचं ‘थांब थांब’ म्हणण्याचं. दोन्ही पक्ष एकाच वेळी काम करतात.

आता शास्त्र थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या भांडणाला ते लागणार आहे. इंजिनात जळणाऱ्या डिझेलची साधारण एक तृतीयांश शक्ती चाकांपर्यंत जाते. एक तृतीयांश धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जाते. उरलेली इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरते, आणि ते पाणी थंड करायचं काम रेडिएटरचं. बारीक नळ्यांतून पाणी फिरतं, नळ्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्यांच्या जाळीतून वारा जातो आणि उष्णता घेऊन निघतो. हायवेवर ताशी साठच्या वेगाने जाताना हा वारा फुकट मिळतो. मिरवणुकीत तो मिळत नाही. मग उरतो पंखा. हा पंखा पट्ट्याने इंजिनालाच बांधलेला, आणि इंजिन रेंगाळतं म्हणून तोही रेंगाळतो. इंजिन फार काम करतंय असंही नसतं. पण जी काही ऊब तयार होते तिला बाहेर जायला वाट नसते. बाहेर तरी काय असतं? भाद्रपदातली मुंबईची दमट हवा आणि खांद्याला खांदा लावून नाचणारी माणसं. रेडिएटरने बाहेर टाकलेली गरम हवा त्यांना लागून पुन्हा रेडिएटरकडेच येते.

ओझं ओढताना तापायची काळजी अमेरिकेतही आहे. तिथे लोक पिकअप ट्रकमागे होडी नाहीतर घोड्यांची गाडी जोडून डोंगर चढतात. कोणता ट्रक किती वजन ओढेल यावरून तिथे कंपन्यांची इतकी बढाई चालायची की शेवटी एसएई इंटरनॅशनल या अभियंत्यांच्या संस्थेने ‘जे-2807’ नावाचं मानक ठरवलं. त्यातल्या एका चाचणीचा आधार म्हणजे अ‍ॅरिझोनात डेव्हिस डॅमजवळचा सुमारे 18 किलोमीटरचा चढ. बाहेर निदान 38 अंश सेल्सिअस तापमान हवं, एसी पूर्ण सुरू हवा, मागे ठरलेलं वजन हवं, आणि गाडीने वेग न सोडता, न उकळता वर जायचं. वाचून मला त्या अभियंत्यांची दया आली. चढ आहे, पण वारा आहे. ऊन आहे, पण गुलाल नाही. पुढे बेंजो नाही, मागे पोलीस नाहीत आणि बाजूला ‘भायखळ्याला आरती आहे, दहा मिनिटं थांबा’ म्हणणारा कोणी नाही. त्या पिकअपला एकदा चिंचपोकळीच्या पुलाशी आणून उभं करायला हवं. तिथे महापालिका दरवर्षी बजावते की पूल जुना आहे, एका वेळी सोळा टनांहून जास्त वजन नको, वर थांबू नका, नाचू नका. आमचा ट्रक पुलाच्या अलीकडेच अडतो, कारण पुलावर नाचता येणार नाही म्हणून सगळे आधीच नाचून घेतात.

गाडी तापल्यावर काय करायचं हे लालबाग-परळमध्ये प्रत्येकाला ठाऊक आहे. आमचा निम्मा विभाग कोकणातला. लहानपणी शिमग्याला आणि गणपतीला एसटीने गावी जाताना कशेडी घाटात लाल गाडी थांबायची, ड्रायव्हर बॉनेट उघडायचा, वाफेचा लोट उठायचा आणि कंडक्टर डबा घेऊन झऱ्याकडे निघायचा. तो प्रसंग ज्याने एकदा पाहिला तो आयुष्यभरासाठी रेडिएटरतज्ज्ञ होतो. त्यामुळे आमचा ट्रक वाफ सोडू लागला की डॉक्टरांच्या आधी सल्ले येतात.

पहिला सल्ला हळदीचा. गळती असेल तर मूठभर हळद टाका, छिद्र बुजतं. हे खरं आहे, ट्रकवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलंय. फक्त हळदीला छिद्र कुठलं आणि नळी कुठली हे ओळखू येत नाही. ती दोन्ही बुजवते. दुसरा सल्ला थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेतली झडप. इंजिन ऐंशी-पंच्याऐंशी अंशांना आलं की ती उघडते आणि पाणी रेडिएटरकडे सोडते. तापलेल्या गाडीत ती आधीच सताड उघडी असते, म्हणजे उघड्या दाराची कडी काढण्याचा हा प्रकार. पुढे वर्षभर हायवेवर इंजिन गरजेपेक्षा थंड राहून डिझेल जास्त पितं ते वेगळंच. तिसरा सल्ला देणारे सगळ्यांत धोकादायक. ते सरळ रेडिएटरच्या टोपणाकडे हात नेतात.

या टोपणाबद्दल गंभीरपणे दोन वाक्यं. ते पाणी दाबाखाली ठेवतं. एक बार जादा दाब असेल तर पाणी शंभरला न उकळता एकशेवीसच्या आसपास उकळतं. टोपण उघडलं की दाब जातो, आतलं सगळं पाणी त्या क्षणी उकळतं आणि उघडणाऱ्याच्या तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो, ही त्याच्या पुढची पायरी. आमच्या ड्रायव्हरने यावर उपाय म्हणून टोपणावर चक्क एक नारळ बांधून ठेवला होता. देवाचा नारळ म्हणून कोणी हात लावत नसे. सुरक्षेचा इतका स्वस्त उपाय मी कुठल्या कारखान्यात पाहिलेला नाही.

एका वर्षी ट्रकने नागपाड्याच्या आसपास धरणं धरलं. रात्रीचे दोन वाजले होते. पुढे दोन टाकी, त्याच्यापुढे सी. पी. टँक. जुन्या मुंबईने लोकांना पाणी मिळावं म्हणून जिथे जिथे टाक्या आणि तलाव बांधले, ती ठिकाणं एकापाठोपाठ एक आमच्या मार्गावर, आणि रेडिएटरला घालायला बादलीभर पाणी नाही. टाक्या केव्हाच बुजल्या, पाट्यांवर नावं राहिली. तासभर आधी भायखळ्याला अग्निशमन दलासमोरून आम्ही गेलो तेव्हा तिथले जवान लालबागच्या राजाला सलामी देण्याच्या तयारीत होते. त्या लालभडक बंबांकडे आमच्या क्लीनरने ज्या नजरेने पाहिलं, ती भक्ती मूर्तीच्या वाट्यालाही क्वचित येते.

त्या रात्रीनंतरच्या हिशेबाच्या सभेत विषय निघाला : ट्रकला मोठा रेडिएटर बसवणे. सभा भरगच्च होती, कारण नंतर मिसळ होती.

‘‘ट्रक आपला नाही, रेडिएटर आपण का घ्यायचा?’’ खजिनदारांनी सुरुवात केली.

‘‘गणपती आपला आहे ना?’’ अध्यक्ष म्हणाले. टाळ्या पडल्या.

‘‘मग रेडिएटरवर मंडळाचं नाव घाला.’’

‘‘रेडिएटरवर नाव दिसणार कुठे? तो बॉनेटच्या आत असतो.’’

‘‘मग वर्गणी कोण देणार?’’

हा मुद्दा बिनतोड होता. दिसत नाही अशा वस्तूला देणगीदार मिळवणं अवघड. तरी ट्रान्सपोर्टवाल्याने निम्मा खर्च उचलायचं कबूल केलं आणि ठराव पास झाला. मग रेडिएटरच्या पाण्यात घालायचं कूलंट कोणतं, यावर चर्चा आली. बाजारात हिरवं मिळतं, नारिंगी मिळतं. हे कळताच सभा रेडिएटरच्याही वर तापली. हिरवं घ्यायला काही जणांचा विरोध, नारिंगी घ्यायला काही जणांचा फारच उत्साह. शेवटी ‘मेस्त्री सांगेल ते’ असा सर्वपक्षीय तोडगा निघाला.

मेस्त्री भायखळ्याच्या पुढे एका गल्लीत. दुकान म्हणजे एक भट्टी, एक पाण्याची टाकी आणि भिंतीला टेकवलेले तीसेक जुने रेडिएटर. त्याने आमचा रेडिएटर टाकीत बुडवला, हवा भरली, बुडबुडे पाहिले आणि वरची टाकी उकलून आत सळई घातली. सळईबरोबर तपकिरी खपल्या बाहेर आल्या. ‘‘बोरिंग का पानी डालता है?’’ त्याने विचारलं. आमच्या चाळीच्या आवारातली विहीर ही आमची शान. पण तिच्या पाण्यातले क्षार नळ्यांच्या आत थर धरून बसले होते. पाणी आत जात होतं, उष्णता बाहेर येत नव्हती.

कूलंटचा प्रश्न आम्ही अदबीने मांडला. मेस्त्रीने आमच्याकडे बघितलंही नाही. ‘‘कलर तो खाली पहचान के लिए डालते हैं,’’ तो म्हणाला. ‘‘अंदर माल कौनसा है वो देखो. और दो तरह का मिक्स मत करना, जाम होगा.’’ अध्यक्ष गप्प झाले. परतीच्या वाटेवर सगळेच गप्प होते.

मोठ्या रेडिएटरबद्दलही त्याचं मत वेगळंच निघालं. दोन ओळींच्या नळ्यांऐवजी चार ओळी टाकल्या तर थंडावा दुप्पट होईल, हा आमचा हिशेब. तो म्हणाला, पहिल्या ओळीला गार वारा मिळतो, दुसरीला कोमट, तिसरीला गरम, चौथीला नुसता आशीर्वाद. शिवाय जाळी जाड झाली की वाऱ्याला आरपार जाणं आणखी कठीण. हायवेवर वारा जोराने आत घुसतो, तिथे जाड रेडिएटर कामाचा. तुमची गाडी उभ्यानेच चालते, तर तुम्हाला वारा खेचणारा हवा : इंजिनावर अवलंबून नसलेला विजेचा पंखा, आणि पंख्याभोवती नीट बसणारं पत्र्याचं कडं, म्हणजे तो इकडची तिकडची हवा न ओढता जाळीतूनच ओढेल. बाकी नळ्या साफ, पट्टा घट्ट, टोपणाचं रबर नवं. संपलं.

पण मंडळाने ठराव मोठ्या रेडिएटरचा केला होता. साध्या सफाईचं बिल सभेत मांडायचं कसं? म्हणून तीन ओळींचा नवा रेडिएटर आला, विजेचा पंखाही आला, आणि ट्रक जाऊन-येऊन तळोज्याला लोखंड टाकून आला तेव्हा काटा जागचा हलला नव्हता. ड्रायव्हर साताऱ्याकडचा, कौतुक बेताने करणारा. ‘‘बरी हाय,’’ एवढंच म्हणाला. आम्ही पेढे वाटले.

मग अनंत चतुर्दशी आली. सकाळी ट्रक सजला. आधी झेंडूचं तोरण. त्यावर फुलांचा मोठा हार. हाराच्या मागे, बरोबर पुढच्या जाळीवर, दोरीने चारी कोपरे ताणून बांधलेला फ्लेक्स. वर एक साहेब, त्यांच्या खाली दुसरे साहेब, त्यांच्या बाजूला भाऊ, भाऊंच्या हाताखाली हात जोडलेले दादा आणि तळाला बारीक अक्षरांत शुभेच्छुकांची यादी. इतका जाड प्लास्टिकचा कपडा कुठल्या इंजिनाच्या नाकावर कधी बांधला गेला नसेल. तापाने फणफणलेल्या माणसाला गोधडीत गुंडाळून, तोंडावर उशी ठेवून डॉक्टरला बोलवावं, तसा आम्ही नवा रेडिएटर बसवला होता.

करी रोडच्या अलीकडेच काटा चढला. विजेचा पंखा जीव तोडून फिरत होता आणि भाऊंचा फोटो आत ओढून घेत होता. प्रत्येक फेऱ्याला भाऊंचे गाल आत जात आणि बाहेर येत. बघणाऱ्यांना वाटलं, काहीतरी नवा चलतपट आहे. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यात पुढून कोणीतरी कागदी तुकड्यांची तोफ डागली, गुलाल उडाला, आणि फ्लेक्सच्या कडेने जी काही हवा आत जात होती तिच्याबरोबर तोही गेला. ओलसर गुलाल जाळीच्या पत्र्यांत बसला की वाळून घट्ट होतो. नव्याकोऱ्या रेडिएटरचा पुढून लाल भिंतीसारखा ठोकळा झाला.

ड्रायव्हर खाली उतरला. ‘‘अध्यक्ष, गाडी वाऱ्यावर थंड व्हती. वाराच तुमी अडिवलाय.’’

‘‘मग काय करायचं?’’

‘‘ह्यो कपडा काढा.’’

यावर जी शांतता पसरली ती बेंजोलाही ऐकू गेली असावी. कपडा काढायचा, पण कोणी? पुढे स्वागत मंडपात भाऊ स्वतः उभे होते. एकाने फ्लेक्स अर्धा दुमडायचं सुचवलं. पण वरून दुमडला तर साहेब जातात, खालून दुमडला तर दादा. दुसऱ्याने उंचावरच्या होर्डिंगला वारा जाण्यासाठी चिरा पाडतात तशा चिरा पाडा असं सुचवलं. कल्पना शास्त्रशुद्ध होती. ब्लेड आलं. पण चिरा कोणाच्या चेहऱ्यावर? साहेबांच्या कपाळावर मारायची कोणाची छाती नाही, दादांच्या छातीवर मारायला दादांचे कार्यकर्ते तयार नाहीत. एकमत झालं ते शुभेच्छुकांच्या यादीवर. तेवढ्यात यादीतले चार जण तिथेच उभे असल्याचं लक्षात आलं.

अखेर निर्णय ड्रायव्हरने घेतला. त्याने बॉनेट पूर्ण वर उचलून बांधलं. फ्लेक्स बॉनेटबरोबर वर गेला, साहेबांचे चेहरे आकाशाकडे झाले आणि जाळी मोकळी झाली. क्लीनरने पाण्याच्या बाटल्या जमवून जाळीवरचा गुलाल इंजिनाच्या बाजूने बाहेर धुतला. काटा उतरला. नेते मंडळींना सांगितलं की फोटो आता बाल्कनीतूनही दिसतात. ते खूश झाले.

यंत्र नवं आणलं म्हणून काम सोपं होतंच असं नाही, हे आमच्या शेजाऱ्यांनीही अनुभवलं. 1934 पासून चालत आलेल्या लालबागच्या राजासाठी 2025 मध्ये यंत्रावर चालणारा नवा तराफा आणला होता. मिरवणूक सकाळी चौपाटीवर पोचली, पण समुद्राची भरती कोणाच्या वेळापत्रकात बसत नाही. विसर्जन व्हायला रात्रीचे नऊ वाजले. तराफ्यात खोट होती असं मी म्हणत नाही. पाणी कधी चढतं आणि वारा कुठून येतो, ही यंत्राच्या बाहेरची गोष्ट आहे, आणि बाहेरच्या गोष्टी विकत मिळत नाहीत.

मुंबईत मात्र आपण त्या विकतच घ्यायला निघतो. रस्ता तुंबला की वर उड्डाणपूल, पुलाखाली पार्किंग. लोकल तुंबली की नवाचे बारा डबे, बाराचे पंधरा, आणि जिन्याखाली फेरीवाला तिथेच. रेडिएटर दरवेळी एक नंबर मोठा येतो. जाळीवरचा कपडा काढायचा विषय निघाला की सभा संपते आणि मिसळ येते.

तेव्हा यंदा ज्यांच्या मंडळाचा ट्रक ट्रॉली ओढणार आहे त्यांना एक विनंती. चतुर्थीच्या आधी नळ्या साफ करून घ्या, पट्टा आणि टोपण बघा, कूलंट एकाच जातीचं भरा, विहिरीचं पाणी विहिरीतच राहू द्या. जमलं तर विजेचा पंखा लावा. नवा रेडिएटर लागलाच तर तो सर्वांत शेवटी घ्या. आणि फोटो लावायचेच असतील तर ट्रॉलीच्या मागे लावा. तिथे गर्दी जास्त असते आणि वाऱ्याची गरज कोणालाच नसते.